पायथनची स्टँडर्ड लायब्ररी कंपाइल करूनच का देत नाहीत?

अर्धविराम (धागाकर्ता)

मंडळी, पायथनची स्टँडर्ड लायब्ररी बरीचशी पायथनमध्येच लिहिलेली आहे. आर्गपार्स, लॉगिंग, ईमेल, डिफलिब, कॉपी, डेटाक्लासेस, पाथलिब, सगळं. दुसरीकडे मायपायसी आणि सायथनसारखी साधनं पायथनच्या फाइलीतून सी कोड काढतात आणि त्याचं एक्स्टेन्शन मोड्यूल बनवून देतात. मायपाय हा टाइप-चेकर स्वतः मायपायसीने कंपाइल होऊन येतो आणि जवळपास चौपट वेगाने चालतो. कोड नीट मांडून देणारा ब्लॅक २०२२ पासून तसाच येतो, त्यांनी दुप्पट वेग सांगितला होता. मग हेच औषध स्टँडर्ड लायब्ररीला का नाही?

माझं म्हणणं आधीच मांडतो, म्हणजे झोडपायला सोपं जाईल. आज एकाच मोड्यूलची दोन रूपं सांभाळली जातात: एक पायथनमधलं, एक हाताने लिहिलेलं सी. त्याऐवजी पायथनचं एकच रूप ठेवा आणि तेच कंपाइल करून द्या. सी हाताने लिहायचं नाही, रेफरन्स काउंटचे (वस्तू किती ठिकाणी वापरात आहे त्या मोजणीचे) बग नाहीत, आणि वेग सगळ्यांना आयता. अडतंय कुठे?

गणकचक्र

विषय जुना आहे, पण चांगला उकरून काढलात. सायथनच्या रेपोमध्ये टूल्स फोल्डरात सीवायएसटीडीलिब नावाची एक स्क्रिप्ट पडून आहे. ती हेच करते, अख्खी स्टँडर्ड लायब्ररी सायथनमधून काढते. तिच्या माथ्यावरच लिहिलंय की हा अत्यंत प्रायोगिक प्रकार आहे. म्हणजे "जमेल का" हा प्रश्नच नाही. जमतं. द्यायचं का, हा प्रश्न आहे.

आणि सी मध्ये नेल्याने फायदा होतो यावरही वाद नाही. पायथन ३.० मध्ये नवी आयओ लायब्ररी मुख्यतः पायथनमध्ये होती आणि फाइल वाचणं-लिहिणं इतकं मंदावलं की ३.१ मध्ये ती पूर्ण सी मध्ये लिहावी लागली. कामानुसार २ ते २० पट फरक पडला. ३.३ मध्ये डेसिमल लिबएमपीडेक या सी लायब्ररीवर आलं, आकडेमोडीच्या कामात १०० पटींपर्यंत. ३.५ मध्ये ऑर्डर्डडिक्ट सी मध्ये गेलं, ४ ते १०० पट.

पण हे सगळं हाताने लिहिलेलं सी आहे. तिथे माणसाने डेटा स्ट्रक्चरच बदललं. लिबएमपीडेक ही पायथनच्या डेसिमलची ओळ-न्-ओळ नक्कल नाही, ती वेगळी लायब्ररी आहे. यांत्रिक कंपायलर तुमचं डेटा स्ट्रक्चर बदलत नाही. त्यामुळे १०० पटींचे आकडे या चर्चेत आणूच नका. मायपायसीवाले स्वतः सांगतात की टाइप लिहिलेला आहे तसा कोड कंपाइल केला तर दीड ते पाच पट.

टिंबटिंब

आणि तेही टाइप लिहिलेला असेल तर! घोडं तिथेच पेंड खातं. स्टँडर्ड लायब्ररीच्या फाइलींत टाइप जवळपास नसतातच. ते सगळे टाइपशेड नावाच्या वेगळ्या रेपोत, फक्त टाइप असलेल्या स्टब फाइलींत, आणि ते बाहेरून दिसणाऱ्या फंक्शनांचे. आतल्या 'आय', 'जे', 'बेस्टसाइझ' वगैरे लोकल व्हेरिएबलांबद्दल स्टब काही बोलत नाही. टाइप कळला नाही की मायपायसी 'एनी' (म्हणजे काहीही) धरून चालतो, आणि मग प्रत्येक बेरीज पुन्हा इंटरप्रिटर जे करतो त्याच सामान्य एपीआयमधून जाते.

सायथनच्या डॉक्युमेंटेशनमधलं ते इंटिग्रेशनचं उदाहरण आठवा. फंक्शन जसंच्या तसं कंपाइल केलं तर वेग ३५ टक्के वाढतो. लूपमधल्या व्हेरिएबलांना टाइप दिले तर चौपट. आतलं फंक्शनही सी चं केलं तर १५० पट. उदाहरण जुनं आहे, ३.११ नंतर इंटरप्रिटर स्वतःच सरासरी सव्वापट वेगवान झाल्यामुळे तो ३५ टक्क्यांचा तुकडा आणखी बारीक झाला असणार.

नवशिका

प्रश्न बाळबोध वाटेल, पण पायथन आधीच कंपाइल होतं ना? त्या पायसी फाइली असतात त्या काय? आणि 'फ्रोझन मोड्यूल' म्हणतात ते?

गणकचक्र

@नवशिका, बाळबोध अजिबात नाही, इथे नेहमी गल्लत होते. पायसी म्हणजे बाइटकोड. तो इंटरप्रिटरच चालवतो, फक्त दर वेळी सोर्स पार्स करायचा वेळ वाचतो. फ्रोझन म्हणजे तोच बाइटकोड बायनरीच्या पोटात भरून ठेवलेला, म्हणजे फाइल शोधणंही वाचतं. ३.११ मध्ये सुरुवातीला लागणारी मोड्यूल अशी गोठवली आणि स्टार्टअप १०-१५ टक्क्यांनी सुधारला. कोड चालण्याचा वेग दोन्हींत बदलत नाही. धागा ज्याबद्दल आहे तो मशीन कोड.

गंमत म्हणजे ३.३ मध्ये इम्पोर्टची यंत्रणा उलट दिशेने गेली. आधी सी मध्ये होती, ती पायथनमध्ये लिहून गोठवली. त्या सी कोडला हात लावायला कुणी धजत नव्हतं.

उलटसुलट

धागाकर्त्यांचं "एकच रूप ठेवा" हे वाक्य ऐकायला गोड आहे. पण कंपाइल केलेलं मोड्यूल आणि कंपाइल न केलेलं मोड्यूल ही एकाच फाइलीतून आली तरी दोन वेगळी रूपंच असतात.

क्रमवार यादीत जागा शोधणाऱ्या बायसेक्टचं उदाहरण घ्या. क्लासच्या अंगात लिहा: शोध = बायसेक्ट_लेफ्ट. आता त्या क्लासच्या ऑब्जेक्टवर शोध हे मेथड म्हणून बोलवा, यादी आणि किंमत देऊन. नेहमीच्या सीपायथनवर (म्हणजे सी मध्ये लिहिलेल्या मूळ पायथनवर) बिनबोभाट चालतं, कारण सी मधलं फंक्शन डिस्क्रिप्टर नसतं, ते 'सेल्फ' चिकटवत नाही. पायथनमधलं रूप वापरलं की तेच फंक्शन मेथड बनतं, 'सेल्फ' पहिल्या जागी घुसतं आणि सगळे आर्ग्युमेंट एक घर सरकतात. नाव तेच, डॉक्युमेंटेशन तेच, कोड तुटला. कंपायलर बदलला की हेही बदलतं: सायथन ३ पासून डीफॉल्टच असा आहे की त्याची फंक्शनं पायथनसारखी बांधली जातात.

दुसरं हीपक्यू या मोड्यूलचं, जे पेप ३९९ (पायथनच्या बदलांचा एक प्रस्ताव) मध्येच आहे. पायथनचं रूप लेन, पॉप वगैरे असलेली कुठलीही वस्तू चालवून घ्यायला तयार. सी चं रूप म्हणतं, लिस्टच पाहिजे, नाहीतर टाइपएरर. २०११ साली तो पेप लिहिला गेला तो याच दुखण्यावर: सी चं मोड्यूल आणलंत तर पायथनचं रूपही ठेवा, आणि टेस्ट दोन्हींवर चालवा. पायपायसारखी दुसरी इंप्लिमेंटेशनं त्या पायथन रूपावर जगतात.

अर्धविराम

@उलटसुलट, पण हा मुद्दा माझ्याच बाजूचा नाही का? हीपक्यूमधला फरक माणसाने सी वेगळं लिहिलं म्हणून आला. कंपायलरने त्याच फाइलीतून काढलं असतं तर लिस्टचा हट्ट आलाच नसता. पेप ३९९ ची अटही आपोआप पाळली जाते, कारण पायथनचं रूप हाच मूळ सोर्स. पायपायवाल्यांनी ती फाइल तशीच वापरावी.

आज काय होतं ते बघा. डेटटाइममध्ये बग सापडला की दोन ठिकाणी दुरुस्त करा, दोन्हीकडे एररचा मजकूर जुळवा. ३.११ पर्यंत तर डेटटाइम इम्पोर्ट केलं की पायथनचं अख्खं रूप आधी चालायचं आणि मग सी चं रूप येऊन ते पुसून टाकायचं. ३.१२ मध्ये ते वेगळ्या फाइलीत हलवलं तेव्हा ही उधळपट्टी थांबली.

पडद्यामागची

मी टेस्टिंगच्या बाजूची, म्हणून वेगळी अडचण मांडते. मॉन्कीपॅचिंग, म्हणजे कोड चालू असताना त्यातलं फंक्शन बाहेरून बदलणं.

मायपायसी वेगवान का, याचं मोठं कारण अर्ली बाइंडिंग आहे. एकाच मोड्यूलमधलं फंक्शन दुसऱ्याला बोलावतं तेव्हा तो थेट सी कॉल होतो, मोड्यूलच्या डिक्शनरीत नाव शोधायला कुणी जात नाही. आता तुम्ही मॉकच्या पॅचने त्या नावावर आपलं खोटं फंक्शन बसवलंत. बाहेरून पाहिलं तर पॅच बसलेला दिसतो. आतला कोड मात्र जुन्याच फंक्शनकडे जातो. एरर नाही, वॉर्निंग नाही. टेस्ट खऱ्या नेटवर्कला किंवा खऱ्या घड्याळाला जाऊन भिडते आणि कधी पास, कधी फेल. अशा टेस्टचा माग काढणं म्हणजे काय ते ज्याने काढलाय त्यालाच कळेल. क्लासचं तर आणखी: नेटिव्ह क्लासवर नवा ॲट्रिब्यूट लावायला गेलात तर तोंडावर दार आपटतं. आणि साध्या पायथन क्लासने त्यातून वारसा घ्यायचा असेल तर मूळ क्लासवर तशी परवानगी देणारा डेकोरेटर लावावा लागतो.

आता स्टँडर्ड लायब्ररीतल्या क्लासांकडे बघा. लॉगिंगच्या हँडलरमधून लोक वारसा घेतात, तो त्यासाठीच आहे. थ्रेडमधून घेतात. जेसनएन्कोडरच्या डीफॉल्टवर थेट आपलं फंक्शन चिकटवणारे प्रकल्प मी डोळ्यांनी पाहिलेत. आर्गपार्सच्या हेल्पफॉर्मॅटरमधल्या अंडरस्कोरवाल्या खासगी मेथड ओव्हरराइड केल्याशिवाय मदतीचा मजकूर हवा तसा येतच नाही, म्हणून अर्ध्या जगाने त्या केल्यात. कागदोपत्री खासगी, प्रत्यक्षात सार्वजनिक.

टिंबटिंब

@पडद्यामागची, +१. फक्त एक पुस्ती. सायथन मोड्यूलमधली साधी डेफ फंक्शनं ग्लोबल नावं डिक्शनरीतूनच शोधतो, त्यामुळे तिथे पॅच बहुतेक वेळा लागू पडतो. साधा क्लासही साधाच राहतो. म्हणून तर टाइप न लिहिलेल्या कोडवर त्याचा फायदा माफक. जितकं पायथनसारखं वागायचं तितकं पायथनसारखं मंद.

निवांत

लोकहो, सी कडे धावताय, पण रुबीवाले उलट्या वाटेने चाललेत ते पाहिलंत का? रुबी ३.३ मध्ये इंटीजरचं 'टाइम्स' आणि ३.४ मध्ये ॲरेचं 'ईच' सी मधून काढून रुबीत लिहिलं. वेगासाठी! कारण वायजिट, म्हणजे रुबीचा जिट (कोड चालता चालता त्याचा मशीन कोड बनवणारा कंपायलर). जिटला सी फंक्शनच्या आत डोकावता येत नाही. लूप सी मध्ये आणि लूपच्या पोटातला ब्लॉक रुबीत, म्हणजे प्रत्येक फेरीला सीमा ओलांडायची. दोन्ही रुबीत असले की जिट सगळं एकत्र इनलाइन करतो. पायपायमध्ये हेच वर्षानुवर्षं चालू आहे, तिथे शुद्ध पायथन मोड्यूल वेगवान आणि सीपायथनसाठी लिहिलेलं सी एक्स्टेन्शन हे ओझं.

गणकचक्र

@निवांत, खरं आहे, पण सीपायथनचं जिट अजून त्या गावाला पोचलेलं नाही. ३.१३ मध्ये आलं ते प्रायोगिक आणि डीफॉल्टने बंद. जिट येईल म्हणून आज हातावर हात ठेवून बसायचं का? आयओ सी मध्ये नेलं तेव्हा कुणी थांबलं नाही.

मात्र सीमा ओलांडण्याचा मुद्दा आजही लागू आहे. वस्तूची आतपर्यंत नक्कल काढणारं डीपकॉपी घ्या. शुद्ध पायथन, मंद म्हणून बदनाम. पण त्याचा वेळ कशात जातो? प्रत्येक वस्तूचा टाइप बघणं, मेमो डिक्शनरी चाळणं, आणि तुमच्या क्लासच्या डीपकॉपी किंवा रिड्यूस मेथडला बोलावणं. डिक्शनरी आधीच सी मध्ये आहे. तुमची मेथड पायथनमध्येच राहणार. मधलं गोंदकाम तेवढं कंपाइल होतं. याद्या-डिक्शनऱ्यांच्या साध्या ढिगाऱ्यावर फरक दिसेल, स्वतःचे क्लास भरलेल्या झाडावर फारसा नाही.

अर्धविराम

बरं, मग यादी उलटी करू. कुठली मोड्यूल कंपाइल केली तर कुणाचंच काही मोडणार नाही? माझा उमेदवार: रेग्युलर एक्स्प्रेशनचा पार्सर आणि कंपायलर. मॅचिंगचं इंजिन सी मध्ये आहे हे सगळ्यांना माहीत, पण पॅटर्नची स्ट्रिंग वाचून त्याचा कोड बनवणारा भाग अजून पायथनमध्ये आहे. कॅशमध्ये ५१२ पॅटर्न बसतात, पण पहिल्यांदा प्रत्येकाची किंमत मोजावीच लागते. मोड्यूलच्या डोक्यावर पॅटर्नांची रांग लावून ठेवणारी पॅकेजं इम्पोर्ट करून बघा, इम्पोर्टचा वेळ दाखवणारा एक्स-इम्पोर्टटाइम हा पर्याय लावून. आत सगळे पूर्णांक, स्ट्रिंग आणि लिस्ट. वारसा घेणारं कुणी नाही. ३.११ मध्ये हे भाग अंडरस्कोरच्या नावामागे नेलेच आहेत, जुन्या नावाने इम्पोर्ट करणाऱ्यांना इशारा मिळून गेलाय.

दुसरा डिफलिब, दोन मजकुरांतला फरक काढणारा. तिसरा टॉमल फाइली वाचणारा टॉमलिब, ३.११ मध्ये आलेला, लहान, टाइप लिहिलेला. तो ज्यातून आला त्या टोमलीची मायपायसीने कंपाइल केलेली व्हील (तयार पॅकेजची फाइल) पायपीआयवर, पायथन पॅकेजांच्या कोठारात, मिळतेच.

उलटसुलट

उमेदवार चांगले निवडलेत, हे कबूल. पण टोमली हेच माझंही उदाहरण आहे. तो बाहेर आहे म्हणून त्याला हे परवडतं. व्हील बिघडली तर दोन दिवसांत नवी काढली, ज्या प्लॅटफॉर्मवर बनत नाही तिथे शुद्ध पायथनची दिली. स्टँडर्ड लायब्ररीत गेलं की रिलीजची वाट, प्रत्येक प्लॅटफॉर्म सांभाळा. ३.१३ पासून आयओएस अधिकृत आहे, तिथे प्रत्येक बायनरी मोड्यूल स्वतंत्र फ्रेमवर्क म्हणून गुंडाळावं लागतं. वीस नवी मोड्यूल म्हणजे वीस नवी गाठोडी.

शिवाय अंडं आधी की कोंबडी. मायपायसी चालायला पायथन लागतं, आणि पायथन बिल्ड करायला मायपायसी?

टिंबटिंब

अंडं-कोंबडीचं उत्तर सीपायथनने आधीच शोधलंय. तयार झालेला सी कोड रेपोतच ठेवायचा. पार्सरची फाइल ग्रामरमधून तयार होते आणि रेपोत नांदते. आर्ग्युमेंट वाचणारा सी कोड बनवणाऱ्या आर्ग्युमेंट क्लिनिकचा कोडही तसाच. ग्रामर बदललं की मेक रीजेन चालवून ती पुन्हा बनवायची.

खरी भीती ती फाइल वाचायची. ग्रामर क्वचित बदलतं. डिफलिबमध्ये एक ओळ बदलली आणि तयार सी मध्ये शेकडो ओळी हलल्या, तर रिव्ह्यू करणारा काय तपासणार? न तपासता मर्ज करायची पद्धत एकदा पडली की त्या ढिगात काय काय लपेल ते सांगता येत नाही. तयार सी रेपोत न ठेवता रिलीजच्या वेळीच बनवायचं म्हटलं, तर कंपायलरची कुठली आवृत्ती, तिच्यातला बग कुणाचा, हे प्रश्न उभे.

पडद्यामागची

अजून एक राहिलं, फ्री-थ्रेडेड बिल्ड. ३.१३ पासून गिल (एका वेळी एकच थ्रेड चालू देणारं कुलूप) नसलेलं पायथन मिळतं. त्यात एखाद्या एक्स्टेन्शन मोड्यूलने "मला गिल लागत नाही" असं जाहीर केलं नसेल तर ते इम्पोर्ट होताच वॉर्निंग येते आणि गिल परत चालू होतो. शुद्ध पायथन फाइलीला असं काही जाहीर करावं लागत नाही, ती आपोआप चालते. म्हणजे आज जे मोड्यूल बिनघोर आहे ते कंपाइल केलं की त्याच्या थ्रेड-सुरक्षेची हमी कुणीतरी सही करून द्यायची. यंत्राने तयार केलेल्या सी वर सही करायला मी तरी पुढे येणार नाही.

आणि डीबगर. आज लॉगिंगच्या आत काय चाललंय ते बघायला पीडीबीने सरळ आत उतरता येतं. कव्हरेज दिसतं. स्टँडर्ड लायब्ररी वाचून शिकलेले आपल्यात कितीतरी आहेत. सोर्स फाइल शेजारी असेल हो, पण चालतंय ते वेगळंच.

निवांत

कोडचे शब्द-चिन्हांत तुकडे करणाऱ्या टोकनाइझचं उदाहरण कुणी काढलं नाही अजून. ३.१२ मध्ये एफ-स्ट्रिंगचं व्याकरण बदलताना हे मोड्यूल सी मधल्या खऱ्या टोकनायझरवर नेलं. ६४ टक्क्यांपर्यंत वेगवान झालं, छान. पण मोडका, अर्धवट कोड पूर्वी ते निमूट चघळायचं, आता एक्सेप्शन देऊ शकतं. टॅब आणि स्पेस मिसळलेली फाइल दिली तर टॅबएरर. भाषेच्या दृष्टीने हे बरोबर. पण एडिटरची साधनं लिहिणाऱ्यांचा धंदाच मोडक्या कोडवर चालतो! वेगाचा शब्दही कुणी मागितला नव्हता त्यांनी.

अर्धविराम

@निवांत, पण तिथे अल्गोरिदमच बदलला, तीच फाइल कंपाइल केली नाही.

असो. चर्चेतून माझ्यापुरतं असं निघतं की "अख्खी लायब्ररी" हा शब्द मी मागे घेतो, "एकच सोर्स" हा घेत नाही. ज्या मोड्यूलमधून कुणी वारसा घेत नाही, जिथे बाहेरचे कॉलबॅक नाहीत आणि आतला लूप पूर्णांक-स्ट्रिंगांचा आहे, तिथे हाताने सी लिहिण्यापेक्षा टाइप लिहून कंपाइल करणं केव्हाही बरं. रेग्युलर एक्स्प्रेशनच्या पार्सरवर आधी बाहेर, पायपीआयवरचं पॅकेज म्हणून करून बघतो. सीपायथनच्या स्वतःच्या टेस्ट आणि पायपरफॉर्मन्स ही वेगचाचणी दोन्ही चालवीन.

टिंबटिंब

कराच. फक्त मोजताना इम्पोर्टचा वेळ वेगळा लिहा. शेअर्ड लायब्ररी उघडणं फुकट नसतं. क्षणभर चालून संपणाऱ्या स्क्रिप्टमध्ये गोठवलेला बाइटकोड कंपाइल केलेल्या मोड्यूलला सहज मागे टाकू शकतो.

नवशिका

सगळं वाचलं, निम्मं कळलं. माझ्या कामाचं विचारतो. माझी स्क्रिप्ट मोठा डेटा जेसन फाइलीत लिहिते आणि लॉगमधल्या लाखो तारखा स्ट्रिंगवरून वाचते. दोन्ही मोड्यूलमागे सी आहे म्हणता, तरी मला मंद का वाटतात?

गणकचक्र

@नवशिका, कारण सी आहे म्हणजे तुमच्या वाटेवर सी आहे असं नव्हे.

तारखा: डेटटाइम सी मध्ये आहे, पण त्याचं एसटीआरपीटाइम आतून शुद्ध पायथनच्या मोड्यूलकडे जातं, तिथे फॉरमॅटचा रेग्युलर एक्स्प्रेशन बनतो. तुमच्या तारखा आयएसओ पद्धतीच्या असतील तर फ्रॉमआयएसओफॉरमॅट वापरा, ते पूर्ण सी मध्ये आहे. ३.११ पासून आयएसओचे बहुतेक प्रकार घेतं.

जेसन: ३.१२ मधली एन्कोडरची फाइल उघडून बघा, आयटरएन्कोड मेथड. सी चा एन्कोडर तेव्हाच वापरला जातो जेव्हा 'वन-शॉट' (सगळं एका दमात) खरं असतं आणि इंडेंट दिलेला नसतो. स्ट्रिंग बनवून देणारं डंप्स वन-शॉट खरं पाठवतं. थेट फाइलीत लिहिणारं डंप पाठवत नाही. म्हणजे डंप वापरलंत की सगळं एन्कोडिंग पायथनमध्ये, तुकड्या-तुकड्याने. डंप्सने स्ट्रिंग बनवा, इंडेंट काढून टाका, आणि मग फाइलीत एकदाच लिहा.

नवशिका

इंडेंट होता माझ्याकडे! काढतो. पण मग डंप असं का ठेवलंय?

गणकचक्र

तुकड्यांनी लिहिलं की अख्खी स्ट्रिंग मेमरीत धरावी लागत नाही. तुमचा डेटा मेमरीत दोनदा मावत नसेल, तर डंपच ठेवा किंवा एका ओळीत एक रेकॉर्ड असं लिहा, प्रत्येक ओळीला डंप्स.